कुंडीतला घोळ

घुग्घुस,
२१ एप्रिल २०२५

प्रिय रंजीताताई,

सप्रेम जयभीम. माझी तब्येत ठीक आहे. ऊन त्रेचाळीसवर. फोनवर तू स्पीकर लावतेस आणि आई शेजारी असते, म्हणून हे पत्र. वाचून झालं की उशीखाली ठेवू नकोस, ती आधी तिथेच शोधते.

तू आईच्या कुंडीतलं ऑफिसटाइमचं बी पाठवलंस, त्याबद्दल सांगायचं आहे. सकाळी दहाला उमलणाऱ्या त्या रंगीत फुलांचं बी इतकं बारीक असेल असं वाटलं नव्हतं. आईनं बजावलं होतं, मातीवर नुसतं भुरभुरायचं, वरून माती लोटायची नाही. मी चष्मा लावून वाकलो आणि शिंकलो.

ताई, बी काळं आणि घुग्घुसच्या अंगणातली कोळशाची धूळही काळी. मी दोन्ही झाडून कुंडीत भरलं.

पण उगवलं. लालसर देठ, जाडसर पानं. मी ती रोज ओल्या फडक्यानं पुसली. पानं सुईसारखी न होता चपटी झाली, तेव्हा डायरीत 'खत जास्त झालं असावं' असं लिहिलं. मग फूल आलं, पिवळं, मुगाएवढं. आईला फोनवर एवढंच म्हणालो, "पिवळी फुलं आली." यात एकही शब्द खोटा नाही, हे मी तीनदा तपासलं.

"मंग येतो मी," ती म्हणाली, आणि तू ४ मेची तिकिटं काढलीस.

काल शेजारच्या बायनाबाई कुंडीपाशी थांबल्या. "प्रफुलभाऊ, घोळ आहे हे. भाजी काऊन नाई करत?"

दीड महिना मी रानभाजीचं तोंड पुसत होतो.

तू ऑफिसटाइमची एक काडी लपवून आणलीस तर ती लगेच लागेल, हेही मनात आलं. आणू नकोस. हिवाळ्यात आई 'इथं माझी फुलं नाहीत' म्हणत चार दिवसांत परत गेली, पण ती फुलांपायी नव्हे. मी सकाळपाळीला जायचो, ती दिवसभर फाटकाकडे बघत बसायची. तिनं विचारलं होतं, "राहू का इथीच?" मी म्हणालो, "तुझी मर्जी." मला वाटलं, मी तिला मोकळीक देतोय.

आता दुपारपाळी मागून घेतली आहे.

उशीबद्दल वर लिहिलेलं विसर. हे पत्र तिलाच वाचून दाखव. आई, फुलं नाहीत, घोळ आहे. डाळ घालून करीन. तू इथीच राहा. ही माझी मर्जी आहे.

रोज सकाळी दहा वाजता घरी असणारा,
प्रफुल