बरं हाय

पोलादपूर, ११ नोव्हेंबर १९३४

निबंध संपला! हिवतापाच्या रुग्णांना सातविणीच्या सालीचा काढा दिला— शेकडा पंच्याण्णव बरे! मुंबईच्या वैद्यकीय मासिकात छापून आला, की माझ्या या आडगावच्या दवाखान्याला जरा भाव येईल. सगुणाला वाचून दाखवला. बायको आहे, कौतुक करील असं वाटलं. म्हणाली, "शंभर माणसं होती?"

"वीस."

"मग शंभर आणली कुठून?"

टक्केवारी समजावली. सगळं ऐकून घेतलं आणि आमटीला फोडणी द्यायला उठली.

१२ नोव्हेंबर

हिची उलटतपासणी चालूच. विसांतले चौघे मुंबईस गेले ते फिरकलेच नाहीत. मी त्यांना बऱ्यांत धरलं— ताप असलेला माणूस मुंबईस कशाला जाईल? "पोटासाठी," म्हणाली. बाकीच्या सोळांना मी रस्त्यात, बाजारात गाठून स्वतः विचारलं होतं. पंधरा जण म्हणाले, "बरं हाय." एकटी बिरवाडीची बनुबाई खेकसली— "कसलं बरं, डोंबलाचं!" तिच्यापायी माझे पाच टक्के गेले.

१४ नोव्हेंबर

येसाजी भेटला. माझ्या यादीतला पहिला 'बरा'. भर उन्हात दोन घोंगड्या पांघरून बसलेला, दात वाजतायत.

"काय येसाजी, कसं काय?"

"बरं हाय, डाक्टर."

हात लावला तर अंग तव्यासारखं! म्हटलं, अरे, मग बरं हाय कसं?

"कुनी वाटंत इचारलं तर आनिक काय सांगायचं? वाईट हाय म्हनू?"

धन्य माझी! मी तरी काय वेगळं करतो? गेल्या महिन्यात दाढ ठणकत होती, तरी मामलेदारांना "बरं आहे"च म्हणालो.

१९ नोव्हेंबर

तापाच्या पाळ्या साधून, थर्मामीटर घेऊन सोळाही घरं हिंडलो. नऊ जणांना ताप तसाच. त्यांतली रंगूबाई म्हणाली, "काचंला समदं कळतंय, तर मगाशी मला कशाला इचारलंत?" नवांनाही कुनैन, म्हणजे हिवतापाचं नेहमीचं औषध, सुरू केलं. आणि बनुबाई ठणठणीत! तिची तक्रार गुडघ्याची होती.

२० नोव्हेंबर

मासिकाचं कार्ड आलं. 'शेकडा पंच्याण्णव' कळवलं होतं ना— पहिल्या पानावर जागा राखली आहे म्हणे. पहिलं पान! मोह झाला. नऊ जणांना नवाच ताप आला असेल, असं लिहिता येतं. कोण बघायला येणार आहे पोलादपूरला?

दुपारी महाडचा डॉक्टर मित्र आला. "पंच्याण्णव! मग मी उद्यापासून कुनैन बंदच करतो." त्याला तिथेच थांबवलं, सगळं सांगितलं. पोट धरून हसला लेकाचा.

२१ नोव्हेंबर

निबंध नव्याने लिहिला. रुग्ण वीस. बरे सात. ताप कायम नऊ. चौघांचं ठाऊक नाही. सात जण काढ्याने बरे झाले की आपोआप, तेही ठाऊक नाही. सगुणा म्हणाली, "आता मला कळलं." दुपारी टपालात टाकला.

३ डिसेंबर

निबंध साभार परत. पहिल्या पानावर दुसऱ्या कोणाचं तरी शेकडा शंभर.

सगुणाने विचारलं, "फार लागलं का हो मनाला?"

"छे, बरं आहे."

ती उठली आणि थर्मामीटर घेऊन आली.