नळ किती वाजता येते?

रविवार, ७ डिसेंबर

आजही तेच!

वाकीला नदीकाठी बसायचं असं ठरलं होतं. प्रेमलतानं गाडी नदीकडे न नेता सरळ वस्तीत घातली. एका दारात एक बाई तांदूळ पाखडत होती. ही काच खाली करून विचारते—

“नळ किती वाजता येते वं बाई?”

“सकाळी सात-साडेसातले. काहून, कोणाले राहाले यायचं आहे का?”

“असंच वं.”

असंच! मागच्या रविवारी आदाशालाही असंच. त्याआधी मनसरला. एकतीस वर्षं संसार केलेली माझी बायको गावोगाव फिरून नळाच्या वेळा विचारते आहे, आणि मी शेजारच्या सीटवर संत्री सोलतो आहे.

बेसा भागातल्या या नव्या फ्लॅटमध्ये येऊन अडीच महिने झाले. दर रविवारी कुठेतरी जायचं, ही तिचीच कल्पना. गाडी ती चालवते, मी बोलतो. या वाटणीबद्दल माझी तक्रार नाही. आज जाताना विदर्भातल्या सिंचनावर बोललो आणि येताना धर्मसत्तेवर. ती “हं” म्हणत होती. कोणत्या “हं”चा अर्थ काय, ते पूर्वी मला कळत असे.

बुधवार, १० डिसेंबर

विधिमंडळाच्या अधिवेशनाचा बंदोबस्त. वर्धा रोड बंद, म्हणून ही भाजीला लवकर गेली. दीड तास झाला तरी पत्ता नाही. मी खाली उतरलो. पार्किंगमध्ये गाडी, गाडीत ही. काचा बंद, मांडीवर मेथीची जुडी.

“काय करून राहिली इथे?”

“काही नाही. बसली आहे.”

“अगं, घरी बस ना!”

“तिथं बसता येत नाही.”

मागच्याच महिन्यात नवा सोफा आणला आहे. तीन माणसं आरामात बसतील असा!

रविवार, १४ डिसेंबर

धापेवाडा. ती देवळात गेली. मी जात नाही. तिचं जाणं हे तिचं स्वातंत्र्य, माझं न जाणं हे माझं. बाहेर हारवाल्याला श्रद्धा आणि शोषण यांतला फरक समजावून सांगितला. गड्यानं दहा मिनिटं मन लावून ऐकलं. मग म्हणाला, “बरोबर आहे भाऊ तुमचं. घेता का हार?”

प्रेमलता देवळातून परतली ती कोण्या बाईला घेऊनच. बाईच्या घरावर माळ्याची खोली. ही मला म्हणते, “चढून पाहा बरं, वर हवा छान आहे.”

अठरा पायऱ्या! माझा डावा गुडघा सहाव्या पायरीलाच बोलायला लागला. वर हवा होती, नाही असं नाही. खाली आलो तर ही वही काढून लिहिते आहे.

ती वही लघुलिपीतली. न्यायालयात छत्तीस वर्षं लघुलेखक होती ती. वकील बोलत, न्यायमूर्ती बोलत, ही उतरवून घेई. आणि संध्याकाळी माझी भाषणं. माझ्या चारही पुस्तकांतला शब्द न् शब्द आधी तिच्या त्या आकड्या-फाट्यांतून गेलेला आहे. मी मात्र ती लिपी कधी शिकलो नाही. गरजच पडली नाही.

“काय लिहिलंस?”

“पायऱ्या.”

शुक्रवार, १९ डिसेंबर

चार महिन्यांनी आमंत्रण! पंचवीस डिसेंबरचं, सदर भागात. स्त्रीमुक्ती दिन. तयारीला लागलो. सकाळपासून तिला तीनदा म्हणून दाखवलं. चौथ्या वेळी ती बाथरूममध्ये गेली. दाराबाहेर उभं राहून पूर्ण केलं.

रविवार, २१ डिसेंबर

आज जे ऐकलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

रामटेक. अंबाळा तलावाकडच्या रस्त्याला तुळसाबाई नावाच्या बाईंचं घर. सत्तरीच्या असाव्यात. आवाज असा, की माईकची गरज नाही. अंगणातच एक वेगळी खोली. एक खिडकी, खिडकीत लिंबाचं झाड. प्रेमलता आत गेली ती वीस मिनिटं बाहेर आलीच नाही. मी अंगणात खाटेवर होतो. तुळसाबाईंचा आवाज आतून येत होता—

“नळ साडेसहाले येते. खानावळ हे काय, समोर. कमोड मागच्याच वर्षी बसवला पोरानं. राहणार किती जण वं?”

आणि हिचा आवाज. स्वच्छ, न्यायालयातला.

“एक.”

एक!

मी संत्र्याची फोड हातात धरून बसलो होतो. ती तशीच खिशात टाकली. आत्ता सापडली.

परतीच्या वाटेवर मी बोललो नाही. कामठीपर्यंत एक शब्द नाही. ती गुणगुणत होती! एकतीस वर्षांत मी तिला गुणगुणताना ऐकलेलं नाही.

सोमवार, २२ डिसेंबर

डोकं चालत नाही. मुद्दे मांडून पाहतो. ती मला सोडून चालली आहे. नाही. सोडून जाणारी बाई नवऱ्याला खोली दाखवायला घेऊन जात नाही. मग? आजार? रिपोर्ट मीच आणले होते रामदासपेठेतून, सगळं ठीक. देवधर्माकडे ओढा? रामटेकला गडावर तर चढलीसुद्धा नाही. दुसरं कोणी? लिहितानाच लाज वाटली. आणि भीतीही वाटली, तीही लिहून ठेवतो.

शिवाय आपलं घर सोडून जायचंच कशाला तिनं? हा फ्लॅट तिचा आहे! गृहप्रवेशाला मी पूजा घालू दिली नाही, भाषण केलं होतं. पन्नास माणसांसमोर म्हणालो, “हे घर फक्त प्रेमलताच्या नावावर आहे. या घरात मालकीण ती. मी पाहुणा!” केवढ्या टाळ्या. आमच्या नूपुरनं पुण्याहून फोनवर ऐकलं, रडली पोरगी. दारावरची पाटीही एकट्या प्रेमलताच्या नावाची.

गुरुवार, २५ डिसेंबर

भाषण झालं. पाऊण तास म्हणता सव्वा तास. रंगलं! “ज्या घरात तुझा श्वास कोंडतो, त्या घराचं दार उघडायला कोणाची परवानगी मागू नकोस”— इथे टाळी येते, नेहमी येते. आजही आली. माझी नजर तिसऱ्या रांगेत गेली. प्रेमलता. मांडीवर वही, हातात पेन्सिल. पेन्सिल हलत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. उत्सुकतेनं! जणू पुढे मी काही नवीन सांगणार होतो.

पुढचं वाक्य विसरलो. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. पाणी प्यायलो आणि महागाईकडे वळलो.

मी हे वाक्य किती जणींना सांगितलं असेल? दोघी-तिघी खरंच गेल्या. पत्रं आली त्यांची, सुखात आहेत. त्यांच्या नवऱ्यांचा मी कधी विचार केला नव्हता. ते संध्याकाळी कुणाशी बोलत असतील?

मंगळवार, ३० डिसेंबर

आज नीच काम केलं.

ती आंघोळीला गेली आणि मी तिच्या पर्समधून वही काढली. रिक्षा करून मधुसूदनकडे गेलो. मधुसूदन तिचा जुना सहकारी, तोही लघुलेखक, सदरच्या मागं एकटा राहतो. वाटेत माझंच भाषण आठवत होतं, ‘स्त्रीचा खासगीपणा’. त्या भाषणाची दुसरी आवृत्ती निघाली आहे.

मधुसूदननं चष्मा पुसला.

“वहिनीचं वळण लय बारीक आहे गा. अर्धंच लागते मले.” मग बोट ठेवून वाचू लागला. “पायऱ्या नाहीत. कमोड आहे. टेबल खिडकीशी. वाचनालय, चारशे पावलं. पारावर म्हातारे बसतात, बारा-पंधरा, संध्याकाळी पाचपासून. खानावळीत तिखट कमी सांगावं लागेल.” त्यानं पान उलटलं आणि एकदम वही मिटली.

“काय आहे पुढे?”

“पुढचं वहिनीचं आहे.”

“मधू, मी तिचा नवरा आहे!”

“म्हणूनच म्हणतो ना! घेऊन जाय. आणि होती तिथंच ठेव, उलटी नको ठेवू.” दारापर्यंत सोडायला आला. “एक विचारू? घरी तू चूप केव्हा राहतं गा?”

“झोपेत.”

“वहिनी तर म्हणे, झोपेतही नाही.”

हसला. मला हसू आलं नाही.

तिखट कमी? ही सावजीचा रस्सा वरून पिते. भिवापुरी मिरची चावून खाते. तिला कमी तिखट कशाला? आणि पारावरचे म्हातारे मोजायचे कशासाठी? जितकं वाचून घेतलं तितका गोंधळ वाढला. चाळीस वर्षांत हजारभर पुस्तकं वाचली, आणि घरातली एक वही वाचायला माणूस लावावा लागतो.

रविवार, ४ जानेवारी

गुडघ्याचं निमित्त सांगून गेलो नाही. ती एकटी गेली. रामटेकलाच! परत आली ती पडद्याचं माप घेऊन.

“तुम्हाले हिरवा बरा वाटते का निळा?”

“निळा,” मी म्हणालो.

“मलेही तेच वाटलं.”

रविवार, ११ जानेवारी

गेलो नाही. तिनंही विचारलं नाही. दिवसभर पेपर मनातल्या मनात वाचला. ती दोनदा डोकावून गेली. दुसऱ्या वेळी कपाळाला हात लावून पाहिला, ताप आहे का म्हणून.

शनिवार, १७ जानेवारी

ठरवलं. जो माणूस दुसऱ्यांच्या बायकांना जा म्हणतो, त्यानं स्वतःच्या बायकोला अडवू नये. तसं केलं तर चाळीस वर्षं मी नाटकच केलं, असा अर्थ होईल. भाषण तयार आहे. दीड पान. पहिल्यांदाच असं झालं, की तिला आधी म्हणून दाखवता येत नाही.

रविवार, १८ जानेवारी

चहा झाल्यावर उभा राहिलो. ती सांबारवड्यांसाठी सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडत होती.

“प्रेमलता, तुला वेगळं राहायचं असेल तर माझी पूर्ण संमती आहे. संमती हा शब्दही मी मागे घेतो. तो अधिकार मला नाही. एकच विनंती—”

इथे कागदाची घडी करून खिशात घातली. हे दीड पानात नव्हतं.

ती हसायला लागली. हसता हसता सांबाराची जुडी खाली पडली, शेवटी डोळे पदराला पुसले.

“कोण चाललं आहे वेगळं?”

“तू! रामटेकला! तुळसाबाईंकडे! एकाची खोली!” आणि मग वहीचंही कबूल केलं. मधुसूदनचंही. सगळं.

वाटलं, आता चिडेल. ती नुसती म्हणाली, “मधूभाऊनं सांगितलं मले त्याच दिवशी. पूर्ण वाचलं असतं तर तुमचा तीन आठवड्यांचा घोर वाचला असता.”

“मग सांग ना!”

“आता नाही. पुढच्या रविवारी तिथंच सांगते. उभ्यानं नाही, बसून. आणि तोवर तुम्ही बोलायचं नाही.”

शुक्रवार, २३ जानेवारी

पाच दिवस. ती सोफ्यावर बसते. टीव्ही बंद. नुसती बसते. चेहरा कसा झाला आहे तिचा! मुलीसारखा.

शनिवार, ३१ जानेवारी, रामटेक

खोली माझ्यासाठी होती.

“मी काहून जाईन? घर माझं आहे,” मागच्या रविवारी इथेच बसून ती म्हणाली. “तुम्हीच म्हटलं ना, पाहुणा. पाहुणा किती दिवस राहते? छत्तीस वर्षं तिकडे ऐकलं, एकतीस वर्षं घरी. आता मले थोडं ऐकू नाही आलं तर चालते. पारावर बारा-पंधरा जण आहेत. त्यांना ऐकू द्या.”

विरोधात एकही मुद्दा सापडला नाही. सगळे मुद्दे माझेच होते.

पडदा निळा. खानावळीत तिखट कमी सांगितलं आहे. पारावर काल बोललो, दोघं झोपले. नळ साडेसहाला येतो.

उद्या रविवार. ती दहापर्यंत गाडी घेऊन येणार आहे, खिंडसी तलावावर जायचं म्हणते. दाढी आजच करून ठेवली. काय बोलायचं ते ठरवलेलं नाही.