पुतळा वाजत नाही

३ जुलै
तीन तास भूगोल, एक तास मोकळा. मुख्याध्यापिकाबाईंनी स्टाफरूममध्ये विचारलं, नववीला छाती दाबून जीव वाचवण्याचं प्रशिक्षण कोण देणार. सगळे एकदम वह्या तपासू लागले. मी हात वर केला. ही गेल्यापासून संध्याकाळी वेळ असतो. बाकी काही कारण नाही.

८ जुलै
आम्हा शिक्षकांचं ट्रेनिंग झालं. प्रॅक्टिकलला माझा नंबर येईपर्यंत जेवणाची सुट्टी झाली. थिअरी पक्की आहे. महिनाभरात वर्ग तयार करणार.

११ जुलै
सरावाचा पुतळा आला. रबरी, कमरेपर्यंतचाच. छाती पुरेशी दाबली की टक् वाजतो. मी दाबला, वाजला नाही. माल सदोष. तक्रार करणार.

१२ जुलै
पीटीच्या सरांनी दाबला. वाजला. त्यांचा हात दांडगा आहे. तक्रार तूर्त स्थगित.

१८ जुलै
उत्तम प्रगती. हाका मारणं, माणसं गोळा करणं, अ‍ॅम्ब्युलन्सला फोन, सगळं मुलांना तोंडपाठ. छातीही अगदी माझ्यासारखी दाबतात. पुतळा अजून गप्प. रबर नवं आहे, सैल होईल.

२६ जुलै
उद्या दवाखान्याच्या सिस्टर परीक्षा घेणार. मुलं नापास झाली तर वर्ग पीटीच्या सरांकडे जाणार. हा प्रश्नच येत नाही. शर्टाला इस्त्री केली.

२७ जुलै
एकेक मूल गुडघे टेकून बसलं. पुतळ्याने हूं की चूं केलं नाही.

सिस्टर म्हणाल्या, "सर, पेशंटला उठवायचंय. तुमची पोरं त्याला थोपटून झोपवताहेत."

वर्ग हसला. मीही हसलो. असं कुणी शिकवलं, त्यांनी विचारलं. पुढच्या बाकावरची चष्मेवाली म्हणाली, "सरच सांगतात ना, हळू, दुखेल."

मी असं म्हणतो हे मला ठाऊक नव्हतं. ही वर्षभर अंथरुणावर होती. कूस बदलून देतानाही कळवळायची. हाताला तेच वळण पडलं असावं.

सिस्टरनी माझ्या हातांवर हात ठेवून दाबलं. टक्. मग म्हणाल्या, "बरगडी मोडली तरी चालेल, माणूस राहिला पाहिजे. आता एकटे करा."

केलं. वाजला नाही.

वर्ग पीटीच्या सरांकडे गेला. फोन कसा करावा, एवढा भाग माझ्याकडे राहिला. तोच खरा महत्त्वाचा.

सगळे गेल्यावर पुतळ्याचं तोंड स्पिरिटने पुसलं. कपाटात आडवा ठेवला. धूळ बसू नये म्हणून चादर घातली, गळ्यापर्यंत.