पांढऱ्या रंगातला बावीस

अण्णा, आपल्या गच्चीवरच्या एसीवर तुम्ही पांढऱ्या रंगानं लिहिलेला बावीसचा आकडा मी काल खरवडून काढला. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. इतक्या वर्षांत दोन ओळी लिहिल्या नाहीत आणि आज तोंड दाखवायला जागा नाही म्हणून लिहायला बसलेय.

गुलमंडीतल्या त्या गिऱ्हाइकाच्या घरी मी पहिल्यांदा एकटीनं एसीत गॅस भरला, आठवतं? खाली येऊन ऐटीत चहाचा कप उचलला, तर तुम्ही विचारलंत, "कोणता भरला ते लिहिलंस का?" घरवाल्यांसमोर माझं तोंड एवढंसं झालं. "जा, आधी लिहून ये. मागून येणाऱ्याला आपण दिसत नाय, आपलं लिहिलेलंच दिसतं." भर उन्हात मी तीन जिने पुन्हा चढले, तुमच्यावर चरफडत. संध्याकाळी तुम्ही औरंगपुऱ्यातून मला एक बारीक ब्रश आणून दिला. तो अजून माझ्या हत्यारांच्या पेटीत आहे, केस झडलेला.

आता गिऱ्हाईक विचारतं, बावीस गॅसचं जुनं मशीन ठेवू की नव्या गॅसचं घेऊ? मी पोपटासारखी सांगते: बावीस ओझोनचं नुकसान करतो, म्हणून बंद होत चाललाय. नवा बत्तीस बरा, पण त्याचा दाब जुन्या मशीनला झेपत नाही. आणि स्वयंपाकाच्या सिलिंडरच्या जातीचा एक तिसरा गॅस आहे, गारवा छान देतो, पण पेट घेतो. तो त्याच्यासाठी बनवलेल्या मशीनमध्येच भरायचा. लोकांना सगळं शहाणपण सांगायचं. गेल्या उन्हाळ्यात आपल्याच घरच्या मशीनचा गॅस गळून गेला तेव्हा बावीस लवकर मिळेना, आईला तुमचं मशीन बदलायचं नव्हतं, आणि मी तो तिसराच भरून मोकळी झाले. खोली गार पडली. आई खूश होऊन म्हणते, "तुझ्या अण्णांचं मशीन लई इमानी हाय." मी मान डोलावते. वर आकडा बावीसचाच.

यंदा मी वैजापूरला कामावर असताना ते पुन्हा थंड करेना. आईनं तुमच्या दुकानातल्या जोडीदाराला, आपल्या चाचांना बोलावलं. त्यांनी आकडा पाहिला, बावीस काही पेट घेत नाही म्हणून बिनधास्त उरलेला गॅस सोडला आणि गळका सांधा जोडायला ज्योत लावली. भडका उडाला. उजवा हात कोपरापर्यंत भाजला, भुवया गेल्या. दवाखान्यात मी रडत होते तर तेच मला समजावत होते, "अण्णा के हाथ का लिखेला था, बेटी. मैं कायकू शक करता?"

मी त्यांना सांगितलं की गॅस मी बदलला होता, पण अण्णांचं अक्षर पुसायला हात धजला नाही. चाचांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मला माफ केलं, वर आईला म्हणाले की पोरीचा बापावर भारी जीव. तेव्हापासून मला त्यांच्याकडे बघवत नाही. हे पत्र खरं तर त्यांनाच वाचून दाखवायला हवं. पण मी ते घडी करून पेटीत ठेवतेय, त्या ब्रशशेजारी.

आकडा पुसला असता तर आईनं विचारलं असतं, काय भरलंस? आणि मला सांगावं लागलं असतं. एवढंच होतं, अण्णा. तुमची तर तेव्हा आठवणसुद्धा आली नव्हती.