छप्पर उतरवायची युक्ती

बाबा, गडचांदूरच्या आपल्या भाड्याच्या खोलीवर मी तुमचीच युक्ती चालवायला गेले होते. मी शाळेत असताना तिथला एक भाडेकरू पैसेही देईना आणि हलेहीना. तुम्ही उन्हाळ्यात कवेलू फेरायच्या, म्हणजे पावसाआधी कौलं काढून पुन्हा नीट बसवायच्या निमित्तानं त्याचं छप्पर उतरवलं आणि परत चढवलंच नाही. चौथ्या दिवशी त्यानं बिऱ्हाड हलवलं. रात्री जेवताना तुम्ही म्हणालात, "कोर्टात काऊन जावं? घर आपलं, छप्पर आपलं." मला तुमचा केवढा अभिमान वाटला होता.

लॉकडाऊनमध्ये माझ्यावर तीच वेळ आली. खोलीत खाणीतला ठेकेदारीचा कामगार, त्याची बायको आणि म्हातारी आई. काम बंद, भाडं बंद, त्यांच्या गावी, मूलला, जायला एसटीही बंद. चंद्रपूरचे वकील फोनवर म्हणाले, भाड्यापायी कुणाला काढू नका असं सरकारनं सांगितलंय, वीज-पाणी तोडलंत तर तुम्हीच अडकाल. पण कवेलू फेरायला कुणाची मनाई? मी काही भित्री नाही, तुमचीच लेक. मे महिन्यात पदर खोचून मी स्वतः शिडीवर चढते आहे. दहा-बारा कवेलू निघतात तोच तो धावत येतो.

"बाई, उतरा तुम्ही, पाय घसरन. भाडं देऊन नाई राह्यलो, एवढं तरी करू द्या मले."

दुपारपर्यंत त्यानं स्वतःच्याच डोक्यावरचं छप्पर उतरवलं. मी अंगणात कवेलू पुसत बसले. आत म्हातारीच्या अंगावर ऊन येई, ती खाट सरकवी, ऊन पुन्हा तिला गाठी, ती पुन्हा सरकवी. आता फक्त 'राहू दे, उद्या बघू' म्हणायचं होतं. मी शब्द तयार ठेवूनच बसले होते. त्यानं वरून हात पुढे केला आणि म्हणाला, "द्या बाई, संध्याकाळच्या आत चढवून टाकतो." मला लाज वाटली बाबा, माझी आणि तुमचीसुद्धा. अंधार पडेपर्यंत मी एकेक कवेलू त्याच्या हातात देत राहिले.

आता तो मूलला असतो. भेटला की चारचौघांत सांगतो, लोक भाडेकरूंना बाहेर काढत होते तेव्हा बाईनं पावसाआधी आमचं छप्पर फेरून दिलं. मी हसते आणि त्याला चहा पाजते. हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, हे मला ठाऊक आहे. ज्याला पोचायला हवं त्याचा मूलचा पत्ता माझ्याजवळ आहे, पण तेवढी माझी हिंमत नाही.