उन्हाकडची बाजू

ती. वन्संना,

नमस्कार. अकरा महिन्यांत आपल्यात फोन नाही की पत्र नाही, तेव्हा आधी तुमच्या गुडघ्यांची चौकशी करते. चढताना दुखतात की उतरताना, ते स्पष्ट कळवावे. (अबोला धरला म्हणून गुडघे दुखायचे थांबत नाहीत.) इकडे सगळे ठीक आहे, एक तुमचे बंधू सोडून.

सव्वीस वर्षं तुम्ही म्हणत आलात, त्याला ऊन सोसत नाही. मी म्हणत आले, यांना काम सोसत नाही. गच्चीवर कपडे वाळत घाला म्हटलं की यांच्या अंगाला खाज. गेल्या वर्षी त्यावरूनच आपलं वाजलं आणि तुम्ही आणलेली मोठी काळी छत्री मी चार माणसांत तुमच्याच पिशवीत परत कोंबली. असो.

आता हे निवृत्त होताहेत. एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, म्हणजे सूर्यमाला शिकवली, तीही खिडकीचा पडदा ओढून. निरोपाचा कार्यक्रम येत्या वीस तारखेला, सकाळी साडेअकराला, उघड्या मैदानावर. दोन्ही बाजूंना मुलं उभी राहणार आणि हे त्यांच्याशी हात मिळवत फाटकापासून मंचापर्यंत चालत जाणार. दोनशे बारा पावलं आहेत. मी मोजून आले.

हे म्हणाले, जमणार नाही. मी म्हटलं, सवयीनं माणसाला काहीही जमतं. पहिल्या दिवशी पाच मिनिटं बाल्कनीत बसवलं, दुसऱ्या दिवशी दहा. तिसऱ्या दिवशी पाहते तर हे खुर्चीसकट सावलीमागे सरकताहेत. (समोरचा शिंपी यांची खुर्ची कुठवर आली ते बघून जेवायला उठतो, असं नंतर कळलं.) म्हणून चौथ्या दिवशी जरा सबुरीनं घेतलं. उघड्या खिडकीला मी विणलेला क्रोशाचा पडदा लावला आणि यांना बनियन काढून त्याच्याकडे पाठ करून बसवलं. हे तासभर डुलकी काढून उठले तेव्हा पाठीवर लालभडक पुरळ, आणि पुरळाची फुलं. बारा पाकळ्यांची, मधे जाळी, कमरेवर झालर. पडद्यात एका फुलाची पाकळी माझ्याकडून चुकली आहे. चौदा वर्षांत ती कुणाच्या लक्षात आली नव्हती. यांच्या पाठीवर ती लांबूनही दिसत होती.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी पाठ पाहिली आणि शेजारच्या खोलीतून आणखी दोघींना बोलावलं. एकीनं टाके मोजले. ‘ही उन्हाचीच ॲलर्जी, शंकाच नको,’ बाई म्हणाल्या, ‘पडदा कुणी विणलाय हो?’ मी ताठ मानेनं सांगितलं, मी. सांगून झाल्यावर लक्षात आलं की आपण कशाची कबुली दिली.

दहा ते चार उन्हात जायचं नाही, असा हुकूम आहे. पाहुण्यांना परतीची गाडी गाठायची आहे, तेव्हा कार्यक्रमाची वेळ बदलत नाही, असं मुख्याध्यापक म्हणतात. मग परवा रंगीत तालीम केली. टोपी, गॉगल, हातमोजे, वर माझा स्कार्फ. शाळेच्या चौकीदारानं फाटकातच अडवलं. यांनी नाव सांगितलं, तर तो म्हणतो, ‘उगाच सरांचं नाव घेऊ नका, ते सज्जन आहेत.’ घरी येऊन हे पलंगावर बसले आणि म्हणाले, ‘तोंड झाकून निरोप घ्यायचा नाही मला. नाही जात.’ कालपासून धड जेवले नाहीत.

हे पत्र निव्वळ माहितीसाठी आहे. उत्तराची अपेक्षा नाही.

तुमची,
भावजय

ता. क. ती छत्री टाकून दिली नसल्यास पाठवावी. टपालानं काड्या मोडतात, तेव्हा स्वतः आणावी.

ता. क. काल हे सहज बोलून गेले की लहानपणी शाळेत जाताना ताई नेहमी उन्हाकडच्या बाजूनं चालायची. मी गच्चीवर प्रयोग करून पाहिला. साडेअकराला माझी सावली यांच्या चपलेपलीकडे जात नाही. घरातली छत्री धरली तर काडी यांच्या कानात जाते. यांचे हात रिकामे नसणार, आणि आपल्या घरात उंच तुम्हीच आहात. एकोणीसलाच यावे. मैदान सपाट आहे, गुडघ्यांना त्रास होणार नाही.

ता. क. उन्हाबद्दल तुमचं बरोबर होतं. कामाबद्दलचं माझं मत कायम आहे.