करंगळीकडची नस

नारपोली, भिवंडी
७ फेब्रुवारी २०२५

ती. दादा,

नेत्रा पाया पडते. रागावलेले असलात तरी पडते, कारण पत्रातून पाय मागे घेता येत नाहीत.

फोन तुम्ही उचलत नाही. उचललात तरी "शेतावर हाय" म्हणून ठेवून देता. म्हणून हे लिहून मनोजच्या हाती देतेय. वळ गावच्या गोडाऊनमधून कामावरून सुटला की तो इथे चहाला येतो आणि मग पडघ्याला जातो. त्याने यातलं काही वाचलेलं नाही. तुमचा मुलगा असूनही माझा भाऊ गुणाचा आहे.

आम्ही बरे आहोत. हेमालीची परीक्षा जवळ आलीय, सातवीची असून तोरा मात्र कलेक्टरचा. तुम्ही पाठवलेल्या वालांचं बिरडं दोनदा झालं. वाल पाठवलेत म्हणजे राग अजून आमच्या पोटापर्यंत पोचलेला नाही, असं मी समजते.

तुमचा जावई हरेशही बरा आहे. त्याचं नाव घेतलं की तुम्ही तोंड फिरवता, पण हे पत्र त्याच्याबद्दलच आहे, तेव्हा चष्मा काढू नका.

बुधवारी मुंबईच्या हॉस्पिटलात त्याच्या उजव्या हाताचं ऑपरेशन आहे. तळहाताचं. डॉक्टर तिथली खराब नस काढून दुसऱ्या जागची शीर जोडणार आहेत. जमलं तर करंगळीशेजारचं बोट वाचेल. नाही जमलं तर काय, ते मी डॉक्टरांना विचारलं नाही.

तुम्ही म्हणाल, बिडी ओढणाऱ्याचे हे भोग आहेत. तर ऐका. मागच्या आठवड्यात तिथे त्याच्या हाताचा सीटी अँजिओ केला. शिरेतून एक औषध सोडतात, मग फोटोत सगळ्या नसा उजळून दिसतात. तो फोटो बघणाऱ्या डॉक्टर हफसा म्हणून आहेत, आपल्या भिवंडीच्याच. त्यांनी फोटो बघितला, मग बाहेर येऊन हरेशचा तळहात उलटासुलटा केला आणि म्हणाल्या, "भाऊ, ह्या हाताने ठोकता काय तुम्ही? लूमवर आहात ना? माझ्या अब्बांच्या कारखान्यात बघितलंय मी, सगळे फिटर हातानेच ठोकायचे."

हरेश म्हणाला, "मग काय, हातोडी मारू? शेठ मला मारेल."

तुम्हाला त्याचं काम ठाऊक आहे. सुताचा बीम, म्हणजे तो जड रूळ, जागेवर बसवायचा असला, अडकलेला दांडा सरकवायचा असला, की हे लोक तळहाताची करंगळीखालची गादी धाडकन मारतात. हातोडीने लाकूड चिरतं, लोखंडाला खोच पडते, मग कापड बिघडतं आणि शेठ कारखाना डोक्यावर घेतो. एका दणक्यात बीम बसवला की फिटर मिशीला पीळ देतो. हरेशला मिशी नाही, तरी देतो.

तर त्या गादीच्या आत एक हाड आहे आणि हाडाला लागून नस जाते. रोज मार खाऊन खाऊन ती बिघडली. डॉक्टरांनी मला पडद्यावर दाखवली. अंगठ्याकडची नस सरळ, आणि करंगळीकडची पीळ पडलेल्या सुतासारखी, मध्येच मण्याएवढी फुगलेली. त्या फुगवट्यात रक्त गोठायचं आणि बारीक गुठळ्या सुटून बोटांत जाऊन अडकायच्या. म्हणून बोटं पांढरी पडत होती, मग निळी. हा आजार फार क्वचित दिसतो, म्हणून तो शोधायला कोणी जात नाही, असं त्या म्हणाल्या. मी बिडीचं विचारलं. त्या म्हणाल्या, "बिडीने नस अशी नेमकी ठोक्याच्या जागी फुगत नाही, ताई. हा मार आहे."

मला कुणी फोटो दाखवायची गरज नव्हती. नवऱ्याच्या तोंडाचा वास बायकोला कळतो.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. मनोजला मी "बोटाला जरा लागलंय" एवढंच सांगितलं होतं. लागलेलं नाही, दादा. करंगळीचं वरचं पेर काळं पडलं आणि ते जानेवारीत काढावं लागलं. शर्टाची बटणं हेमाली लावून देते.

दिवाळीनंतर तुम्ही आलात, ती निळी बोटं बघितलीत आणि पेटलात. आई मिश्रीने गेली, तिचा जबडा तुम्ही बघितलाय, म्हणून तंबाखूचं नाव निघालं की तुम्हाला पुढचं दिसत नाही, हे मला समजतं. साखरपुड्याला तुम्ही हरेशच्या हातावर भंडारा ठेवून तंबाखूला शिवणार नाही असा शब्द घेतला होतात, त्याने तो पाळला. पण त्या दिवशी तुम्ही माझी पिशवी भरलीत, हातात धरलीत आणि म्हणालात, "वढतोस का न्हाय, खरा बोल. न्हायतर पोरीला घेऊन चाललो मी पडघ्याला."

तो तीनदा नाही म्हणाला. मीही ओरडून सांगितलं, तर तुम्ही मला "तू गप" म्हणालात. मग त्याने त्या पिशवीकडे बघितलं आणि म्हणाला, "ओढतो. झालं? ठेवा ती खाली."

तो खोटं बोलला, दादा. आयुष्यात एकदा बोलला, ते मी घरात राहावी म्हणून.

मग तुम्हीच त्याला इथल्या डॉक्टरांकडे नेलंत. त्यांनी विचारलं, तंबाखू? तुम्हीच सांगितलंत, "वढतो, माझ्यासमोर कबूल झालाय." आणि तिथून परस्पर एसटी पकडलीत. डॉक्टरांचा काय दोष? कबुली मिळाली, मनगटापर्यंत सोनोग्राफी केली, तिथे रक्त नीट वाहत होतं. त्यांनी गोळ्या दिल्या, बिडी सोडा म्हणाले. पुढे तळहाताकडे कोणी बघितलंच नाही. हरेशने न ओढलेली बिडी सोडली आणि गोळ्या घेऊन पुन्हा ठोकायला गेला. तेव्हाच हा फोटो निघाला असता तर पेर राहिलं असतं, असं डॉक्टर हफसांनी मी विचारल्यावर सांगितलं. मी विचारायला नको होतं. पण विचारलं.

मला तुमचा राग आहे. लिहूनच टाकते, नाहीतर तो वालाच्या डाळिंब्यांत उतरेल. तुमच्यावर मायाही आहे, ती नसती तर कागद घेऊन बसले नसते.

हरेशला हे पत्र माहीत नाही. फोटोचं कळल्यावर मी म्हणाले, आत्ताच्या आत्ता दादांना दाखवून येते. त्याने मला अडवलं. म्हणाला, "राहू दे ना बिडीच. त्यांना माझ्यावर राग धरायची सवय झालीय. उद्या स्वतःवर धरायला लागले तर म्हातारा जेवायचा नाही."

इतके दिवस मी त्याचं ऐकलं. पण दादा, तुमच्या जेवणासाठी त्याने जन्मभर खोटारडं राहावं, हे मला पटत नाही.

तुम्ही जेवा. आणि मंगळवारी रात्रीच इकडे या, बुधवारी पहाटे आपण एकत्र निघू. माफी वगैरे मागत बसू नका, त्याला ते झेपणार नाही आणि तुम्हालाही जमणार नाही. ऑपरेशन झालं की त्याच्या खाटेशी बसा, बस्स. तुम्हाला बघून तो उठायला जाईल. त्याला उठू देऊ नका.

तुमचीच,
नेत्रा